न्याय्य भाडे कोणते?

घराच्या भाड्याविषयी मनुष्याने जितका वाद घातला आहे, तितका इतर कोणत्याही वस्तूच्या मोलाविषयी क्वचितच घातला असेल. आणि त्याचे कारण शोधण्यास फार दूर जावे लागत नाही. तांदूळ महागला तर ज्वारीवर भागवता येते, नवे कापड परवडले नाही तर जुने आणखी एक वर्ष वापरता येते; परंतु घरावाचून एक रात्रही सुखाने काढता येत नाही, आणि ते घर ज्या गावी काम असेल त्याच गावी असावे लागते. स्वस्त गावचे घर उचलून महाग गावी आणण्याची सोय विधात्याने ठेवलेली नाही. शिवाय इतर व्यवहार पैसे मोजताच संपतात. भाड्याचा व्यवहार दर महिन्याच्या पहिल्या आठवड्यात नव्याने उभा राहतो, आणि त्याबरोबर देणारा व घेणारा ह्यांच्या मनातील जुना प्रश्नही पुन्हा डोके वर काढतो: ही रक्कम न्याय्य आहे काय?

खाजगी व्यवहारात हा प्रश्न बहुधा न सोडवताच मागे टाकला जातो. एकास जागा हवी असते, दुसऱ्यास पैसे हवे असतात. दलाल मध्ये पडतो, आणि दोघांचे जमले की करारावर सह्या होतात. परंतु ज्यास स्वतःच्या प्राप्तीतून डोक्यावर छप्पर मिळवता येत नाही त्याच्या भाड्याचा काही भार सरकारने उचलावा, असे ज्या दिवशी समाज ठरवतो, त्या दिवसापासून हा प्रश्न मागे टाकण्याची सोय उरत नाही. कितीपर्यंतच्या भाड्याचा भार उचलावयाचा? कोणते भाडे मान्य करावयाचे व कोणते नामंजूर करावयाचे? येथे आकडा सांगावाच लागतो. हा आकडा काढणे हे कारकुनाचे काम आहे, अशी पुष्कळांची समजूत आहे. प्रस्तुत लेखात मला असे दाखवावयाचे आहे की, ते प्रथम नीतीचे काम आहे आणि कारकुनाचे काम त्याच्या मागाहून येते. मुंबईत व पुढे नवी मुंबईत ह्या बाबतीत जे काही बिघडले, त्याचे मूळ हिशेबापेक्षा नीतिविचारातच अधिक सापडते.

भाडे मोजण्याची तीन मापे सामान्यतः सुचवली जातात. पहिले माप बाजाराचे. त्या जागेसाठी दुसरा मनुष्य जे द्यावयास राजी आहे, ते न्याय्य भाडे. दुसरे माप खर्चाचे. घर बांधण्यास व ते राखण्यास जो खर्च पडला, त्यावर वाजवी व्याज धरून जे येईल, ते न्याय्य भाडे. तिसरे माप ऐपतीचे. राहणाऱ्या कुटुंबास पोटाला चिमटा न घेता प्राप्तीचा जितका भाग देता येईल, तितके न्याय्य भाडे. तिन्हींत सत्याचा अंश आहे. आणि तिन्हींपैकी कोणतेही एक माप एकटेच हाती धरले तर ते अन्यायाकडे नेते.

बाजाराचे माप घेऊ. दोन पक्ष सारख्याच मोकळेपणाने व्यवहारास बसतात, असे त्यात गृहीत धरलेले असते. पण ज्याच्या कुटुंबाची पथारी आज रात्री कोठे पडणार हे ठरलेले नाही, त्याची मोकळीक आणि ज्याची खोली महिनाभर रिकामी राहिली तरी चालेल त्याची मोकळीक, ह्या एकाच जातीच्या नव्हेत. खर्चाचे माप ह्याहून अधिक सरळ दिसते. पण त्यातही एक गुंतागुंत आहे, आणि ती ॲडम स्मिथने १७७६ साली प्रसिद्ध केलेल्या आपल्या ग्रंथात ओळखली होती. त्याने घरभाड्याचे दोन भाग पाडले: एक इमारतीचे भाडे व दुसरे जमिनीचे भाडे. भिंती, छप्पर व दारे ह्यांत ज्याने पैसा घातला, त्यास पहिला भाग मिळाला नाही तर तो पुन्हा भिंत उभारणार नाही. दुसरा भाग मात्र मालकाच्या श्रमातून उत्पन्न होत नाही. शेजारी रस्ता झाला, कारखाना निघाला, शाळा उघडली, की तो आपोआप वाढतो. १९९२ साली रेल्वे खाडी ओलांडून वाशीस आली. तिच्या येण्याने वाशीतील कोणत्याही घराची एक वीटही वाढली नाही; तरी त्या घरांत राहण्याचे मोल वाढले. हे वाढीव मोल कोणाचे? ते निर्माण करणाऱ्या समाजाचे, की त्या वेळी तेथे दस्तऐवज घेऊन बसलेल्या मालकाचे? खर्चाचे माप ह्या प्रश्नास उत्तर देत नाही.

ऐपतीचे माप मनास सर्वांत अधिक पटते, कारण त्यात दया आहे. परंतु भाडेकरूची ऐपत आपणांस एवढेच सांगते की, त्याला किती देता येईल. घर राखण्यास किती लागेल हे ती सांगत नाही. गळके छप्पर भाडेकरूची प्राप्ती विचारून गळत नाही. ऐपत आणि खर्च ह्यांमध्ये जे अंतर राहते ते कोणी तरी भरावे लागते, आणि भाड्याच्या प्रश्नाचे सारे मर्म येथे आहे: हे अंतर कोणी भरावयाचे?

मुंबईने ह्या प्रश्नास जे उत्तर दिले त्याचा इतिहास बोधप्रद आहे. पहिल्या महायुद्धाच्या अखेरीस शहरात जागेची टंचाई होऊन भाडी भडकली, तेव्हा १९१८ साली भाडेनियंत्रणाचा कायदा झाला व १ जानेवारी १९१६ रोजी असलेले भाडे प्रमाण मानले गेले. तो कायदा काही वर्षांनी संपला. दुसऱ्या महायुद्धात तीच आपत्ती पुन्हा आली, पुन्हा कायदे झाले, आणि त्यांतूनच १९४७ चा मुंबईचा प्रसिद्ध भाडेनियंत्रण कायदा निघाला. ह्या कायद्याने १ सप्टेंबर १९४० चे भाडे हे सामान्यतः प्रमाणभाडे ठरवले. कायदा तात्पुरता होता. परंतु मुदत संपत आली की ती वाढवावयाची, असे करता करता तो शतकाच्या अखेरीपर्यंत चालला. डिसेंबर १९९७ मध्ये मालपे विश्वनाथ आचार्य ह्यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने असा निर्णय दिला की, भाडे अशा रीतीने गोठवून ठेवणाऱ्या तरतुदी काळाच्या ओघात अवाजवी झाल्या आहेत. पुढे १९९९ चा महाराष्ट्र भाडेनियंत्रण कायदा झाला व तो ३१ मार्च २००० पासून अमलात आला. त्याने मालकास दरसाल चार टक्के वाढ करण्याची मुभा दिली. पण ही वाढ जुन्याच पायावर चढावयाची होती. ज्या खोलीचे भाडे शंभर रुपये, तेथे चार टक्के म्हणजे चार रुपये. तेवढ्यात गवंडी शिडीसुद्धा लावणार नाही.

ह्या कायद्याची निंदा करणे आज सोपे आहे, म्हणून प्रथम त्याच्या बाजूचे जे आहे ते बोलले पाहिजे. १९४७ साली युद्ध नुकतेच संपले होते, फाळणीमुळे निर्वासितांचे लोंढे येत होते, आणि गिरणगावातील कामगार व गिरगाव-दादरमधील कारकून ह्यांना मालकाच्या लहरीवर सोडणे माणुसकीस धरून झाले नसते. हजारो कुटुंबांना ह्या कायद्याने घराबाहेर पडण्यापासून वाचवले. अनेकांची मुले त्या स्थैर्यामुळे शिकली. दया खोटी नव्हती. मात्र ती ज्याच्या खर्चाने केली गेली तो दया करणारा नव्हता. आपल्याकडे अशा औदार्याला हलवायाच्या घरावर तुळशीपत्र ठेवणे म्हणतात. विधिमंडळाने दान केले आणि ते घरमालकाच्या खात्यावर मांडले. सरकारी तिजोरीतून त्यासाठी एक पैसाही गेला नाही, म्हणून ते दान किती मोठे आहे हे मोजण्याची गरजही कोणास वाटली नाही.

न मोजलेल्या दानाचे परिणाम न मोजताच अंगावर येतात. मालकाने डागडुजी थांबवली. इमारती खचू लागल्या. १९६९ साली दुरुस्तीसाठी स्वतंत्र कायदा करून मंडळ नेमावे लागले व त्यासाठी उपकर बसवावा लागला. भाडे कागदावर स्थिर राहिले, पण जागेचे खरे मोल पागडीच्या रूपाने कागदाबाहेर वाहू लागले. १९७३ साली कायद्यात दुरुस्ती होऊन त्या वर्षीच्या १ फेब्रुवारीस लिव्ह अँड लायसन्सने राहत असलेल्यांना भाडेकरूचे संरक्षण मिळाले. जे त्या दिवशी आत होते त्यांचे कल्याण झाले. पण ज्यांच्याजवळ रिकामी जागा होती ते त्यावरून एकच धडा शिकले, की घरात माणूस ठेवण्यापेक्षा कुलूप ठेवणे अधिक सुरक्षित. २०११ च्या जनगणनेच्या आधारे २०१७-१८ च्या केंद्रीय आर्थिक पाहणीत मुंबईतील रिकाम्या घरांची संख्या सुमारे ४ लाख ८० हजार दिली आहे, आणि त्याची कारणे सांगताना भाडेनियंत्रण व मालकी हक्कांची अनिश्चितता ह्यांचाही निर्देश केला आहे. ज्या शहरात लक्षावधी माणसे झोपडपट्टीत राहतात, त्याच शहरात ही कुलपे आहेत.

परंतु माझ्या मते ह्याहून मोठा दोष निराळाच आहे. हा कायदा गरिबाचे रक्षण करतो अशी सर्वांची समजूत होती; वस्तुतः तो आधीपासून आत असलेल्याचे रक्षण करीत होता. प्रशस्त जागेत राहणारा धनिक व्यापारी आणि दहा बाय बाराच्या खोलीत राहणारा गिरणीकामगार ह्यांना त्याने एकच संरक्षण दिले, आणि कोकणातून किंवा घाटावरून काल आलेल्या तरुणास काहीच दिले नाही. मालक कोण आहे हेही त्याने विचारले नाही. तो मोठा जमीनदार असो, की दोन खोल्यांच्या भाड्यावर गुजराण करणारी विधवा असो, दान मात्र दोघांकडून सारख्याच सक्तीने घेतले गेले. कोण गरीब आहे हे न विचारणाऱ्या दयेचे न्यायाशी फारसे नाते राहत नाही.

ह्याच्या अगदी उलट बाजूने केलेला एक प्रयोग अमेरिकेत आहे. १९७४ सालच्या कायद्यापासून तेथे अशी पद्धत सुरू झाली की, गरीब कुटुंबाने खाजगी मालकाचे घर स्वतः शोधावे, आपल्या प्राप्तीचा ठराविक हिस्सा भाड्यापोटी द्यावा, आणि उरलेली रक्कम सरकारने थेट मालकास द्यावी. आज हा हिस्सा साधारण तीस टक्के आहे. ह्या साहाय्यपत्रास तेथे व्हाउचर म्हणतात. येथे ऐपत आणि खर्च ह्यांतील अंतर सरकारी तिजोरी भरते. म्हणजे दया करणाराच तिचा खर्च सोसतो. पण तसे ठरताच आकड्याचा प्रश्न उघडा पडला. मालकाने मागितले ते भाडे मान्य करावे, तर तिजोरी लुटली जाईल. फार कमी मान्य करावे, तर कोणताही मालक अशा भाडेकरूस दारात उभे करणार नाही.

तेथे ह्यावर काढलेली तोड समजून घेण्यासारखी आहे. शहरात अलीकडे घर बदललेली, बऱ्या स्थितीतील घरांत राहणारी शंभर भाडेकरू कुटुंबे, सर्वांत कमी भाडे देणाऱ्यापासून सर्वांत अधिक देणाऱ्यापर्यंत एका रांगेत उभी केली आहेत अशी कल्पना करा. त्यांतील चाळिसावे कुटुंब पाणी-विजेच्या खर्चासह जे भाडे देते, तेथे सरकार सामान्यतः आपली रेघ ओढते. स्थानिक गृहसंस्थेस साधारणपणे ह्या रेघेच्या नव्वद ते एकशेदहा टक्क्यांच्या दरम्यान आपले मान्य प्रमाण ठरवता येते. शिवाय शेजारची, साहाय्य न घेणारी, तशाच प्रकारची घरे काय भाड्याने गेली आहेत ह्याच्याशी प्रत्येक घराचे भाडे ताडून पाहावे लागते. ही रेघ दरसाल नव्याने काढली जाते.

चाळिसावेच कुटुंब का? पन्नासावे का नव्हे? प्रारंभी रेघ पन्नासाव्यावर होती. मग ती पंचेचाळिसाव्यावर आली. १९९५ पासून ती चाळिसाव्यावर आहे. दर वेळी ती खाली सरकली तेव्हा शहरातील एकही घर बदलले नाही. बदलली ती एका समाजाची कल्पना, की आपल्यातील गरिबाने शहरातल्या कोणत्या पायरीपर्यंत चढावे. म्हणूनच मी म्हणतो की, हे काम कारकुनाचे नव्हे. ‘चाळीस’ हा आकडा गणिताने सांगता येतो, पण तो गणिताने निवडता येत नाही. अमेरिकेच्या पद्धतीत दोषही मोठे आहेत. पात्र कुटुंबांपैकी सुमारे चौघांतील एकासच साहाय्य मिळते, आणि बाकीचे वर्षानुवर्षे यादीत राहतात. तरीही तिच्यात एक प्रामाणिकपणा आहे. स्वतःच्या खिशातून दया करू लागले म्हणजे दयेची सीमा दिसू लागते. आणि जी सीमा दिसते तिच्याबद्दल वाद घालता येतो, ती वाढवता येते. आमच्या जुन्या कायद्याने सीमा दिसूच दिली नाही.

आता नवी मुंबईकडे वळू. कारण ह्या प्रश्नाचे एक रूप येथे असे आहे की, जे मुंबईच्या कायद्यातही सापडत नाही आणि अमेरिकेच्या रांगेतही मावत नाही. जुन्या मुंबईची गर्दी कमी करण्यासाठी १९७० साली सिडको हे महामंडळ स्थापन झाले, आणि ठाणे, पनवेल व उरण तालुक्यांतील सुमारे पंचाण्णव गावांच्या जमिनीवर नवे शहर वसवण्याचे ठरले. त्यामागील अर्थविचार उत्तम होता. जमीन प्रथम सार्वजनिक मालकीची करावी, शहर वाढेल तसे तिचे मोल वाढेल, आणि ते वाढीव मोल शहराच्याच रस्ते, गटारे, शाळा ह्यांसाठी खर्च करावे. स्मिथने वेगळा काढलेला जो जमिनीच्या भाड्याचा भाग, तो समाजाच्या हाती ठेवण्याचा हा प्रयत्न होता. पुस्तकात ह्याहून न्याय्य योजना क्वचितच सापडेल.

परंतु ती जमीन मोकळी नव्हती. तीवर आगरी व कोळी लोकांची भातशेती होती, मिठागरे होती, खाडीतली मासेमारी होती. मोबदल्यावरून असंतोष वाढत गेला, दि. बा. पाटील ह्यांच्या नेतृत्वाखाली लढा उभा राहिला. आणि जानेवारी १९८४ मध्ये उरण तालुक्यात जासईच्या परिसरात झालेल्या गोळीबारात पाच जणांचे प्राण गेले. संपादित जमिनीच्या साडेबारा टक्के विकसित जमीन मूळ मालकास परत देण्याची योजना त्या लढ्याचेच फळ होय. दरम्यान गावठाणांत एक वेगळीच गोष्ट घडत होती. शेती गेली, मीठ गेले, मुले वाढली; तेव्हा गावकऱ्यांनी आपल्या घरांवर व घरांभोवती खोल्या चढवल्या आणि त्या भाड्याने दिल्या. ह्या बांधकामांस ‘गरजेपोटी बांधलेली घरे’ असे नाव पडले आहे. ह्या नावात कायद्याची भाषा नाही, पण नीतीचा एक सबंध युक्तिवाद आहे.

ह्या खोल्यांत कोण राहते? ठाणे-बेलापूर पट्ट्यातील कारखान्यांचा कामगार, तुर्भ्याच्या बाजारात ओझी वाहणारा, सोसायट्यांचा पहारेकरी, घरकाम करणारी बाई, चौघे मिळून एक खोली घेणारे विद्यार्थी. नगररचनाकारांनी कामगारांसाठी आणि अल्प उत्पन्न गटासाठी घरे बांधली हे खरे. पण ज्याच्याजवळ घर विकत घेण्याइतके पैसे कधीच जमणार नाहीत, त्याला खोली दिली ती बव्हंशी गावठाणाने. शहराच्या गरिबांस आसरा देण्याचे काम, ज्यांच्याकडून शहराने जमीन घेतली त्यांनीच, परवानगीवाचून, केले.

समजा, अशा एका गावठाणात एक वृद्ध बाई आहे. तिच्या सासऱ्याची शेती शहरासाठी गेली. आज तिच्याजवळ चार खोल्या आहेत व त्यांच्या भाड्यावर तिचे चालते. त्यांतील एका खोलीत एक पहारेकरी बायको व दोन मुलांसह राहतो. रात्रभर तो एका मोठ्या सोसायटीच्या फाटकाशी बसतो, आणि त्याच्या पगाराचा मोठा भाग ह्या खोलीत जातो. बाजाराचे माप लावावे तर त्याच्या मुलांच्या दुधावर घाला येतो. ऐपतीचे माप लावून भाडे सक्तीने खाली आणावे, तर जिच्याकडून शहराने एकदा जमीन घेतली तिच्याकडूनच दुसऱ्यांदा दान घेतल्यासारखे होते. मालक श्रीमंत व भाडेकरू गरीब, ह्या आपल्या नेहमीच्या चित्रात ही दोन माणसे बसत नाहीत. मग अंतर कोणी भरावे? मला ह्याचे उत्तर एकच दिसते: ते शहराने भरावे. तिच्या जमिनीवर शहर उभे आहे, आणि त्याच्या जागरणावर ते निर्धास्त झोपते. ज्यास दोघांपासून लाभ झाला, त्याने दोघांमधील अंतर भरणे ह्याला दया म्हणण्याचेही कारण नाही. ते ऋण फेडणे आहे.

ह्यावर दोन आक्षेप येतील, व दोन्ही वजनदार आहेत. पहिला असा की, सरकार भाड्यात भर घालू लागले की मालक भाडे तेवढ्यानेच वाढवतील, आणि पैसा गरिबाच्या हातून जाऊन त्यांच्या खिशात पडेल. हे भय खोटे नाही. खोल्या तेवढ्याच राहिल्या आणि पैसे मात्र वाढले, तर तसेच होईल. म्हणूनच मान्य भाडे मालकाच्या मागणीवरून न ठरवता, साहाय्य न घेणारे शेजारी प्रत्यक्षात काय देतात त्यावरून ठरवावे लागते. आणि त्याबरोबर नव्या खोल्याही बांधाव्या लागतात. दुसरा आक्षेप अधिक सूक्ष्म आहे. सरकारी साहाय्य कागदपत्रांवर चालते, आणि गरजेपोटी बांधलेल्या अनेक खोल्यांस भोगवट्याचे प्रमाणपत्र नाही. म्हणजे ज्या खोल्यांत गरीब राहतात, नेमक्या त्याच खोल्या साहाय्यास अपात्र ठरतील. आणि ज्या पात्र ठरतील, त्या त्यांना साहाय्य घेऊनही परवडणार नाहीत. हवा, उजेड, जिना व पाणी ह्यांची कसोटी लावलीच पाहिजे. ज्या खोलीत आपण आपल्या मुलास ठेवणार नाही, तिचे भाडे सार्वजनिक पैशातून देणे लाजिरवाणे आहे. पण कसोटी घराची असावी, कागदाची असू नये.

आपल्या सरकारांनी ह्या दिशेने काहीच केले नाही असे नाही. २००८ साली मुंबई महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाने भाड्याच्या घरांची योजना काढली. विकासकास वाढीव बांधकामाची मुभा द्यावी, व त्याने त्या बदल्यात १६० चौरस फुटांची घरे प्राधिकरणास द्यावीत, असे तिचे स्वरूप होते. १९२० च्या दशकात बांधलेल्या बीडीडी चाळींतील खोलीही साधारण १६० चौरस फुटांचीच होती. गरिबास किती जागा पुरे, ह्याविषयीची आपली कल्पना एवढ्या वर्षांत एका फुटानेही पुढे सरकली नव्हती. पनवेलजवळ कोन येथे ह्या योजनेतील घरे उभी राहिली. पण ती भाड्याने गेली नाहीत. दोन-दोन खोल्या एकत्र धरून ती २०१६ साली सोडतीने गिरणीकामगारांस विकण्यात आली. गिरणीकामगारांचा हक्क मोठा होता, त्याबद्दल वाद नाही. प्रश्न असा की, भाड्यासाठी बांधलेले घर अखेर विकण्याकडेच आपले मन का वळते? मला वाटते, किंमत एकदा ठरवली की सुटका होते. भाडे मात्र दरसाल ठरवावे लागते, दरसाल कोणास तरी उत्तर द्यावे लागते. विक्री हा न्यायाचा प्रश्न एकदाच विचारून कायमचा मिटवण्याचा मार्ग आहे. करोनाच्या साथीत लक्षावधी मजूर शहरे सोडून पायी निघाले, त्यानंतर २०२० साली केंद्र सरकारने परवडणाऱ्या भाडे-संकुलांची योजना जाहीर केली. तीत पहिले भाडे स्थानिक संस्थेने आसपासची पाहणी करून ठरवावे, नंतर दर दोन वर्षांनी ते आठ टक्क्यांनी वाढावे, आणि पाच वर्षांत एकूण वाढ वीस टक्क्यांच्या पुढे जाऊ नये, असा नियम होता. योजनेचे यश कमी-अधिक असो. भाडे पाहणीने ठरते व काळाबरोबर हलते, हे तत्त्व त्यात मान्य झाले होते, ही लहान गोष्ट नव्हे.

येथे आपल्या सुशिक्षित मध्यमवर्गाने स्वतःकडेही एकदा पाहावे. भाड्यासाठी साहाय्य म्हटले की आपल्या मनात रांगेत उभा असलेला गरीब येतो. परंतु घरभाडे भत्ता हे साहाय्यच आहे, आणि तो आपण पिढ्यान्‌पिढ्या घेत आलो आहो. सरकारी नोकरीत तो पगाराच्या टक्क्यांत मिळतो. म्हणजे ज्याचा पगार अधिक त्यास साहाय्य अधिक. जुन्या करपद्धतीत त्यावर आयकराची सूटही मिळते, आणि त्या हिशेबातील एक माप असे आहे की, पगाराच्या दहाव्या हिश्शाहून जास्त जे भाडे जाते ते विचारात घ्यावे. म्हणजे आपल्यासाठी कायद्याची कल्पना अशी की, सभ्य गृहस्थाने भाड्याचा भार स्वतः सोसावा तो प्राप्तीच्या साधारण दशांशापर्यंत. पहारेकऱ्यासाठी हे माप कोणी काढले आहे काय? आपल्या भत्त्याच्या वेळी आपण कधी विचारले नाही की घर पात्र आहे की नाही, पैसा मालकाच्या खिशात जातो की नाही, आणि त्याने आपण आळशी होऊ की नाही. जे प्रश्न आपण स्वतःस विचारीत नाही, ते दुसऱ्यास विचारताना आवाज थोडा खाली असावा.

मग न्याय्य भाडे कोणते? जॉन रॉल्स ह्या अमेरिकन तत्त्वज्ञाने १९७१ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात न्यायाची एक कसोटी सांगितली आहे. समाजात आपली जागा कोणती असणार हे ठाऊक नसताना जे नियम आपण मान्य करू, ते न्याय्य. ती येथे लावून पाहा. उद्या सकाळी आपण ती वृद्ध बाई होऊ, तो पहारेकरी होऊ, की कर भरणारा सोसायटीतला गृहस्थ होऊ, हे ठाऊक नाही, अशा स्थितीत आपण कोणता नियम पत्करू? मला वाटते, आपण तीन गोष्टी मागू. घर राखण्यास जे लागते ते मालकास मिळावे, म्हणजे खोली उभी राहील. ऐपतीबाहेरचा भार भाडेकरूवर नसावा, आणि जे कमी पडेल ते सर्वांच्या तिजोरीतून यावे, कारण कमतरता सर्वांच्या शहरामुळे उत्पन्न झाली आहे. आणि आकडा दरसाल, गावोगाव, शेजाऱ्यांचे खरे भाडे पाहून काढावा व उघड सांगावा, म्हणजे ज्यास तो अन्यायाचा वाटेल त्यास तसे म्हणता येईल.

ह्यातील कोणतीही गोष्ट स्वस्त नाही. वृद्ध बाईचे व पहारेकऱ्याचे हिशेब जुळवावयाचे तर तिसऱ्याचा, म्हणजे आपला, कर वाढेल, किंवा आपल्या सोयीची एखादी गोष्ट मागे पडेल. ती किंमत जास्त वाटत असेल तर तसे स्पष्ट म्हणावे. त्यात निदान खरेपणा आहे. पण ती न देताच दयाळू म्हणवून घ्यावयाचे असेल, तर गेल्या शतकातील मुंबईच्या खचलेल्या इमारती व कुलूपबंद घरे आपल्यापुढे आहेत. तुळशीपत्र ठेवणे हे पुण्यकर्म आहेच. ते आपल्या घरावर ठेवावे, एवढेच नीतीचे म्हणणे आहे.